खांद्यातून कटिंग

माझं मनगट आरसा पुसताना मोडलं. हे ऐकून लोक हसतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. सलूनच्या खुर्चीवर उभा राहून मी आरशाचा वरचा कोपरा पुसत होतो. माझा चुलत भाऊ, ज्याला सगळे मॉडेल म्हणतात, नेमका तेव्हाच त्या खुर्चीचा खाली-वर करायचा दांडा अजून चालतो का हे बघत होता. दांडा चालत होता. खुर्ची झटक्यात खाली आली. मी तिच्या मागून जरा उशिरा आलो, पण हातावर आलो.

"मी हळूच दाबला होता," मॉडेल म्हणाला. आजही हेच म्हणतो.

उजव्या मनगटाच्या वरचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून डॉक्टरांनी आत प्लेट बसवली आणि सात स्क्रू मारले. काकांनी एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरला, स्क्रू दोनदा मोजले आणि म्हणाले, "आपल्या एका खुर्चीला बारा आहेत." माझ्याबद्दल त्यांना जी काही काळजी होती ती एवढ्यातच संपली.

आमच्या सलूनमध्ये चार खुर्च्या आहेत. पहिली बाबांची, दुसरी काकांची, तिसरी माझी. चौथीवर मॉडेल बसतो. बसतो म्हणजे बसतोच. त्याला कटिंग येतं असं त्याचं म्हणणं आहे आणि त्याच्या वडिलांचं, म्हणजे काकांचं, त्याला अनुमोदन आहे. दिवसातले चार तास तो स्वतःच्या केसांवर घालवतो, बाकीचे ते बिघडू नयेत म्हणून मान न हलवण्यात. मी पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तो चौथ्या खुर्चीवरून उठून तिसऱ्या खुर्चीवर बसला. कुटुंबानं याला जबाबदारी उचलणं म्हटलं.

तीन आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि ब्रेस आला. काळा, तळहातापासून जवळजवळ कोपरापर्यंत, आत धातूची पट्टी, वर तीन वेल्क्रो. तो देणाऱ्या बाई फिजिओथेरपिस्ट होत्या. त्यांच्याकडे सांध्याचा कोन मोजायची बिजागरीची पट्टी होती आणि माणूस आत आला की त्या आधी त्याच्या कोपराकडे बघत आणि मग, वेळ उरला तर, तोंडाकडे. त्यांना मी मनात कोनमापी बाई म्हणायचो.

"दुखतंय कुठं?"

"करंगळीच्या बाजूला सुई टोचल्यासारखं. आणि तिथून वर कोपराकडे कुणीतरी दोरी ओढतंय असं."

"दुखणार. ब्रेसनं ते कमी होईल. पण नीट ऐका. दिवसातून पाच वेळा तो काढायचा. कोमट पाण्यात हात, मग मनगट वर दहा वेळा, खाली दहा वेळा. पट्टे करकचून बांधायचे नाहीत. बोटांना मुंग्या आल्या की सैल करायचे. तीन आठवडे काम बंद. नंतरचे दोन आठवडे ब्रेस घालून अर्धा दिवस हलकं काम. त्यानंतर ब्रेस हळूहळू सोडायचा. आलं लक्षात?"

"आलं."

लक्षात आलं होतं. लक्षात येणं आणि मी, आमचं फारसं जमत नाही.

काम बंद असलं तरी मी सलूनमध्ये जाऊन बाकड्यावर बसायचो, आणि ती माझी पहिली चूक. सलूनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाचं कधी ना कधी काहीतरी मोडलेलं असतं आणि ते माझ्यापेक्षा जास्त मोडलेलं असतं. शिवाय मानेभोवती कापड बांधलं की माणसाला वैद्यकशास्त्र येतं. एकानं सांगितलं, ब्रेस वगैरे नखरे आहेत, हात गरम वाळूत पुरायचा. दुसऱ्यानं सांगितलं, थंड वाळूत. दोघांची तावातावानं जुंपली. वाळू नक्की हा मुद्दा मात्र दोघांनाही मान्य होता. काकांचं मत वेगळं होतं. "कात्री हातात घेतली की हात आपोआप मोकळा होतो. आमच्या वेळी ब्रेस नव्हते." त्यांच्या वेळी त्यांचं काही मोडलंही नव्हतं, कारण ते कधी कशावर चढलेच नाहीत. आरसे कायम दुसऱ्यानं पुसले.

बाबा काही बोलले नाहीत. बाबा एरवीही बोलत नाहीत. गिऱ्हाइकाला ते दिवसभरात दोनच गोष्टी विचारतात, "बारीक?" आणि "पाणी मारू?"

तीन आठवडे संपले आणि मी ब्रेस घालून कामाला लागलो. मॉडेलनं तिसरी खुर्ची सोडताना असं तोंड केलं, जणू मी त्याचंच हाड मोडलं होतं.

आता कटिंग करणाऱ्याचं मनगट काय करतं हे बाहेरच्याला कळत नाही. कात्री अंगठा चालवतो. पण ती कुठं न्यायची, कानामागे कशी वळवायची, मानेवरून कशी चढवायची, हे मनगट बघतं. माझं मनगट पट्टीत बंद होतं. त्यामुळे कात्री वळवायची तर कोपर वळवायचं, कोपर वळवायचं तर खांदा उचलायचा, आणि खांदा पुरला नाही तर मीच खुर्चीभोवती चालत जायचं. एका गिऱ्हाइकामागे मी सलूनच्या दारापर्यंत जाऊन यायचो. अवघड कोपऱ्यांत कात्री पोचतच नसे. तिथले केस मी सोडून द्यायचो आणि पाणी मारून चापून बसवायचो.

त्यात तो विमा एजंट आला.

या माणसाच्या टाळूवर भोवरा होता. त्याच्याभोवतीचे केस गेली वीस वर्षं सरळ उभे होते. बाबांनी, काकांनी, गावातल्या प्रत्येक कात्रीनं ते बारीक करून बघितले होते, आणि जितके बारीक करावेत तितके ते जास्त उभे राहायचे. माझी कात्री तिथं पोचली नाही. मी केस लांबच ठेवले. लांब राहिले म्हणून ते स्वतःच्या वजनानं आडवे पडले.

एवढंच झालं होतं. कुठल्याही तेरा वर्षांच्या पोरीला हे कळलं असतं.

एजंट आरशात बघत राहिला. मग डोक्यावरून हात फिरवला. मग डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. "मास्टर," तो मला म्हणाला, "काय केलंत तुम्ही?"

मी "काही नाही" म्हणालो. अगदी खरं तेच म्हणालो. पण काकांनी दुसऱ्या खुर्चीवरून सूत्रं हातात घेतली.

"खांद्यातून कटिंग आहे ते," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"मनगट हलतं ना साहेब, म्हणून केस वरखाली होतात. हा ब्रेस मनगट हलूच देत नाही. रेघ सरळ. बाहेरच्या देशांत आता असंच कापतात. पोरगा मुद्दाम शिकून आलाय."

"कुठून?" एजंटानं विचारलं.

"हॉस्पिटलमधून," मी म्हणालो. एजंटाला ते संस्थेचं नाव वाटलं. त्यानं मान डोलावली.

विम्याचा माणूस एकदा बोलायला लागला की थांबत नाही, त्यावरच त्याचं पोट असतं. चार दिवसांत तिसऱ्या खुर्चीसाठी बाकडं भरायला लागलं. लोक माझा ब्रेस बघायला यायचे आणि आलोच आहोत तर म्हणून केस कापून घ्यायचे. मी खुर्चीभोवती चालायला लागलो की ते श्वास रोखून धरायचे. प्रत्येकाच्या डोक्यात तीन-चार जागा मी सोडून दिलेल्या असायच्या. प्रत्येक जण घरी जाऊन त्या बायकोला दाखवायचा. जगात एवढा मूर्खपणा शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि मी रोज त्याच्या मानेवर पावडर मारत होतो.

आता कबुलीची वेळ. मला आवडत होतं. लहानपणापासून मी तिसऱ्या खुर्चीचा होतो. बाबा नसले तर काका आणि काका नसले तर मी. पहिल्यांदाच लोक बाबांची रिकामी खुर्ची सोडून माझ्यासाठी थांबत होते. ब्रेस काढला की मी पुन्हा मी होणार होतो, म्हणून मी तो काढेनासा झालो. व्यायाम सुटला. कोमट पाणी सुटलं. दोन आठवड्यांचे तीन झाले. अर्ध्या दिवसाचा पूर्ण दिवस झाला. घरी जेवतानाही ब्रेस तसाच. आई म्हणाली, "अरे, त्याला आमटी लागलीय." मी म्हणालो, "असू दे." असा माणूस दुसरा कुणी असता तर मी त्याच्यावर थुंकलोही नसतो.

काकांना मात्र एका ब्रेसवर भागेना. एका सकाळी ते पिशवी घेऊन आले आणि तीन नवे ब्रेस टेबलावर ठेवले. "उद्यापासून सगळ्या खुर्च्यांवर खांद्यातून."

मी एक उचलून बघितला. "काका, हे डाव्या हाताचे आहेत."

"मग?"

"आपण सगळे उजवे आहोत."

"दुकानदार म्हणाला डावे पडूनच होते. हात हातच असतो रे. तू आता फार शहाणपणा करू नकोस, प्लेट बसली म्हणून डॉक्टर नाही झालास."

काकांनी डावा ब्रेस उजव्या हातात घातला. अंगठ्याचं भोक करंगळीच्या बाजूला आलं. त्यातून त्यांनी करंगळी बाहेर काढली आणि अंगठा आत कोंबला. कात्री चालवणारा माणूस अंगठा कोंबून बसला आणि वर आरशात बघून खूश झाला. बाबांना घालायलाच लावला. त्यांनी पालथा घातला, म्हणजे अंगठा जागेवर आला पण धातूची पट्टी हाताच्या मागे गेली. मॉडेलनं दोन्ही प्रकार घालून बघितले आणि केसांना कुठला जास्त शोभतो ते मला विचारलं.

दुसऱ्याच दिवशी मी कोनमापी बाईंकडे गेलो. त्यांनी हात मोकळा केला, मनगट मागे वाकवायला सांगितलं, बिजागरीची पट्टी लावली आणि ती परत लावली.

"गेल्या वेळी तीस अंश होतं," त्या म्हणाल्या. "आज पंचवीस."

"कमी झालं?"

"दिवसातून किती वेळा काढता ब्रेस?"

"आंघोळीला."

"आणि आंघोळ किती वेळा करता?"

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं. ते फार वाईट लक्षण होतं.

"हे बघा. हाड जुळलंय. डॉक्टरांचं काम झालं, ब्रेसचंही झालं. आता सांधा धरायला लागलाय. अजून महिनाभर असाच बांधून ठेवलात तर तो जिथं असेल तिथंच राहील. मग मी कितीही वाकवला तरी वाकणार नाही. करंगळीची सुई तर जाणार नाहीच."

"कात्री धरता येईल?"

"धरता येईल. कानामागे वळवता येणार नाही. कायमची."

घरी येऊन मी हे सांगितलं. आईनं आधी ब्रेस धुवायला घेतला, तिला केव्हापासून ते करायचं होतं. काका वाटीत चमचा फिरवत होते.

"कायमचं ताठ राहील म्हणते?" काका म्हणाले. "म्हणजे उलट बरंच की. ब्रेस विकतच घ्यायला नको."

"काका, मला कानामागे कापता येणार नाही."

"कानामागे मॉडेल कापेल. तू समोरचं बघ."

"मी कापेन," मॉडेल म्हणाला. "कानामागे कोण बघतंय?"

"शनिवारी एजंट त्यांच्या ऑफिसातली अकरा माणसं आणतोय," काका म्हणाले. "कंपनीचा वर्षाचा फोटो आहे त्यांचा. सगळे तुझ्या नावानं येणार आहेत. शनिवार जाऊ दे. मग वाकव काय वाकवायचं ते."

मला माहीत होतं की शनिवारनंतर दुसरा शनिवार असतो. काकांनाही माहीत होतं. फक्त त्यांचं मनगट वाकत होतं.

शनिवारी ब्रेस दोरीवर वाळत ठेवून मी सलूनमध्ये गेलो. केस धुवायच्या बेसिनमध्ये कोमट पाणी सोडलं, हात बुडवला आणि मोजायला लागलो. हात बारीक झाला होता, पांढरट, वर टाक्यांची लांब गुलाबी रेघ. वर दहा. खाली दहा. सातव्याला सुई टोचायला लागली, नवव्याला दोरी ओढायला लागली.

अकरा माणसं आली. सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं, सगळ्यांना एजंटानं पढवलेलं. एजंट पुढे होऊन माझ्या खुर्चीत बसला आणि मी कापड बांधताना आरशात माझा हात बघून त्याचा चेहरा पडला.

"मास्टर, ब्रेस?"

"काढला."

"का?"

"हात बरा झाला."

अकरा माणसांत एक हळहळ उमटली. माणूस बरा झाल्याचं एवढं दुःख मी आजवर कुठं पाहिलं नव्हतं.

"अहो, पण मग आमचं?" एजंट म्हणाला. "माझा भोवरा?"

"तो तसाच लांब ठेवला की बसतो. ब्रेसचा काही संबंध नाही. मला तिथं कात्री पोचत नव्हती."

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जसं लोक विम्याचा माणूस दारात आला की बघतात. मग उठला, मानेचं कापड तसंच ठेवून शेजारी काकांच्या खुर्चीत जाऊन बसला. "तुमच्याकडे आहे ना ब्रेस?"

"आहे की साहेब!" काकांनी हात वर केला. करंगळी झेंड्यासारखी बाहेर.

बाकीचे अकरा जण काका, बाबा आणि मॉडेल यांच्यात वाटले गेले. बाबांनी पालथ्या ब्रेसमध्ये दोन डोकी कशीबशी उरकली. माझी खुर्ची रिकामी. मी तिच्यात बसलो आणि मनगट वाकवत राहिलो. वर दहा, खाली दहा. मॉडेल एकाचे कल्ले कापत होता, एक वर, एक खाली; गिऱ्हाईक मान वाकडी करून ते सरळ दिसतात का बघत होतं. काका मधूनमधून पट्टे आवळत होते, कारण आवळले की जास्त परदेशी वाटतं. पाऊण तासानं त्यांची कात्री एजंटाच्या मांडीत पडली.

"काय झालं?" एजंट दचकला.

"काही नाही, काही नाही. पद्धतच आहे." काकांनी उचलली. परत पडली. त्यांची बोटं जांभळी झाली होती.

"सैल करा, काका," मी म्हणालो. "मुंग्या आल्या की सैल करायचं असतं."

"तू बोलू नकोस! घरचं बुडवायला बसलायस नुसता!" काका ओरडले. "दादा, सांगा तुमच्या चिरंजीवाला. एक तर ब्रेस घाल म्हणावं, नाहीतर खुर्ची सोड. मॉडेल बसेल."

बाबांच्या खुर्चीतला माणूस उठत होता. बाबांनी त्याची मान झटकली, कापड झाडलं, घडी घातली. मग आपला ब्रेस काढला, तीन पट्टे एकेक करून, आणि काउंटरवर ठेवला. माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"ऊठ," बाबा म्हणाले.

मी उठलो. ते माझ्या खुर्चीत बसले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात बाबांचे केस काका कापतात आणि काकांचे बाबा, महिन्याच्या पहिल्या तारखेला, सलून उघडायच्या आधी. तीस वर्षं हेच. आम्हा पोरांचे ते दोघं कापतात. वरच्या पिढीचं डोकं खालच्या पिढीच्या हातात कधी गेलेलं नाही. आजोबा आजारी होते तेव्हाही बाबांनी त्यांची फक्त दाढी केली, केसांना कंगवासुद्धा लावला नाही.

"काप," बाबा म्हणाले.

"दादा!" काका म्हणाले.

"बाबा, मनगट अजून—"

"मनगटाचंच म्हणतोय. कानामागे काप."

मी त्यांच्या मानेभोवती कापड बांधलं. त्यांच्या केसांत इतके पांढरे आहेत हे मला माहीत नव्हतं. आजवर मी ते आरशातच बघितले होते, तेही दुसऱ्याच्या डोक्यावरून. उजव्या कानाजवळ कंगवा लावला, कात्री धरली आणि मनगट वळवलं. ते आलं. पूर्ण नाही, पण आलं. करंगळीकडून सुई थेट कोपरापर्यंत गेली. एक घाव, दोन, पाच. आठव्याला हात थरथरला आणि कानामागे एक खाच पडली. चांगली बोटभर.

"पडली," मी म्हणालो.

"कळलं," बाबा म्हणाले.

उजवी बाजू संपवायला मला वीस मिनिटं लागली. शेवटी कात्री हातात राहीना.

"बाबा, थांबावं लागेल."

"थांब."

"किती वेळ ते सांगता येत नाही."

"पेपर दे."

मी पेपर दिला. बाबांनी तो उघडून समोर धरला. उजवी बाजू बारीक आणि खाचेची, डावी बाजू कानावर आलेली, मधे सरळ सीमा. अकरा विमावाले आणि एक विमा एजंट आरशातून हे बघत होते. मॉडेलनं मशीन उचललं आणि पुढे आला. "मोठे बाबा, मी डावीकडचं पटकन उडवून टाकू का? दोन मिनिटांचं काम."

"त्या बाजूला हात लावलास," बाबा पेपरातून म्हणाले, "तर तुझे मी कापीन. बारीक."

मॉडेल चौथ्या खुर्चीवर जाऊन बसला आणि दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

दारातून एक नेहमीचं गिऱ्हाईक आत आलं, बाबांकडे बघितलं, पाय मागे घेतला. "आज बंद आहे का?"

"चालू आहे," बाबा म्हणाले. "या, बसा."

"दादा, लोक बघताहेत हो," काका रडकुंडीला आले होते. त्यांना आता ब्रेस सुटत नव्हता. डाव्या हातानं उजव्या हाताचा डावा ब्रेस सोडणं त्यांनी कधी करून बघितलं नव्हतं. "मालक माणूस तुम्ही. असं अर्धं डोकं घेऊन..."

बाबांनी पान उलटलं.

मी बेसिनवर गेलो, कोमट पाणी सोडलं, हात धरला. सुई बोथट व्हायला बराच वेळ लागला. मग हात पुसला, कात्री घेतली आणि डाव्या कानाकडे गेलो. एजंटानं फोन काढून आमचा फोटो घेतला. घेऊ दे.